झाकण उघडलं

आमच्या म्हसरूळच्या कॉलनीत माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलला सगळे ‘पाण्याची गाडी’ म्हणायचे. नव्वदीची मधली वर्षं होती. गल्लीत बाकी सगळ्या स्कूटरी, दोन-चार साध्या मोटरसायकली, आणि त्यांत ही परदेशी, जुनी, मुंबईहून कोणाकडून तरी आणलेली. तिच्या इंजिनाभोवती पाणी फिरतं एवढं ऐकूनच लोकांचे डोळे विस्फारायचे. शेजारच्या एका काकांची तर बरेच दिवस समजूत होती की ती पेट्रोलशिवाय चालते. ‘एवढ्या पाण्यात कुठपर्यंत जाते हो?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने गंभीर चेहऱ्याने ‘सायखेड्यापर्यंत’ असं उत्तर दिलं होतं. मी खूप हसले होते. त्या काळात मी त्याच्या विनोदांना हसायचे.

मी त्याला समोर ‘अहो’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’च लिहिणार आहे. एवढी मोकळीक मला हवी.

तो एका सरकारी कचेरीत होता. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते, मेकॅनिकल विभागात. त्या विभागात बाई म्हणून मी एकटीच. हीट इंजिन हा माझा विषय होता, त्यात मला पदवीला चांगले गुण होते, पण आठ वर्षं माझ्या वाट्याला मुख्यतः ड्रॉइंगचे तास, मुलींची हजेरी आणि गॅदरिंगच्या रांगोळ्या आल्या होत्या. मला इंजिन लॅब हवी होती. पॉलिटेक्निकच्या मागच्या अंगणात पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात जमिनीला बोल्टाने आवळलेली चार इंजिनं, प्रत्येकाला जागोजागी थर्मामीटर लावलेले, आणि उभं कापून आत दिसेल असं ठेवलेलं एक जुनं इंजिन. त्या लॅबचे इनचार्ज सर त्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं होतं, “ज्येष्ठतेने तुमचाच नंबर लागतो मॅडम. जूनमध्ये कामाचं वाटप करताना बघू.” हे मी घरी सांगितलं होतं. नवऱ्याने ‘अरे वा’ म्हणून पेपर उलटला होता.

त्या गाडीला एक खोड होती, असं सगळे म्हणायचे. बंद करून, चावी खिशात टाकून आपण पायऱ्या चढू लागलो, की मागे पंखा सुरू व्हायचा. समोरच्या जाळीमागे एक छोटा पंखा होता, तो पाच-सात मिनिटं घरघरायचा आणि आपला आपण थांबायचा. उन्हाळ्यात तर रोजच. सासूबाई म्हणायच्या, गाडीत काहीतरी आहे. गल्लीतले लोक म्हणायचे, शॉर्ट आहे. मी म्हणायचे, ही खोड नाही, हीच तिची अक्कल आहे.

चहाच्या वेळी मी नवऱ्याला एकदा समजावून सांगितलं. इंजिन चालू असतं तोवर पंप फिरतो, पाणी सिलिंडरजवळची उष्णता घेतं आणि जाळीत जाऊन गार होतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो. पाणी जागच्या जागी उभं राहतं. पण लोखंड काही लगेच गार होत नाही, त्यातली उष्णता त्या उभ्या पाण्यात उतरत राहते. म्हणून बंद केल्यावर थोडा वेळ पाणी उलट जास्तच तापतं, आणि म्हणून पंख्याची वायर थेट बॅटरीवर दिलेली असते. तो लक्ष देऊन ऐकत होता. मला बरं वाटलं. मग तो दिराकडे वळून म्हणाला, “म्हणजे अगदी हिच्यासारखं. गप्प बसवलं की जास्त तापते.” सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. त्याच्या पुढच्याच आठवड्यात द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिकने ‘साहेब, हा पंखा बॅटरी खाऊन टाकेल’ म्हणून ती वायर काढली आणि टोकाला काळी पट्टी गुंडाळून ठेवली. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, “गेला एकदाचा आवाज.”

मी म्हटलं, “अहो, ती वायर परत जोडून आणा.”

“तो माणूस वीस वर्षं गाड्या उघडतोय.”

“अशी गाडी त्याने पहिल्यांदा उघडली असेल.”

“आणि तू?”

मी एकही उघडली नव्हती. उघडायला मला कोणी देत नव्हतं, हे मी तेव्हा बोलले नाही. असं खूप काही मी तेव्हा बोलले नाही, आणि आता वाटतं की निम्मं आयुष्य माझं त्यातच गेलं.

मोकळ्या रस्त्यावर पंखा नसला तरी चालतं, वारा जाळीतून जातोच. त्यामुळे थंडीत आणि रोजच्या कचेरीच्या फेरीत काही बिघडलं नाही. जितके दिवस काही बिघडलं नाही तितके दिवस तो मेकॅनिक शहाणा ठरत गेला आणि मी वेडी.

मे महिन्यात आम्ही दोघं गडावर गेलो. देवीची ओटी भरायची राहिली होती. मुलगी दोन-अडीच वर्षांची, तिला सासूबाईंजवळ ठेवलं. दिंडोरी, वणी, नांदुरी, इथपर्यंत गाडी छान गेली. मी काठपदराची साडी नेसून एका बाजूला बसले होते आणि त्याच्या खांद्यावरून मला पाण्याचं तापमान दाखवणारा तो छोटा गोल दिसत होता, गार असलेल्या टोकाला ‘सी’, गरम टोकाला ‘एच’, मध्ये पांढरा काटा. काटा मधल्या रेषेच्या जरा खाली होता. नांदुरीच्या पुढे घाट लागला आणि आमच्या पुढे एक भरलेली एसटी आली. तिच्या मागे आणखी जीपगाड्या. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, ऐन दुपारी बारा वाजता आम्ही चढत होतो. वाऱ्याचं नाव नाही, आणि पंख्याची वायर काळ्या पट्टीत.

“अहो, काटा बघा.”

“बघतोय.”

“जरा बाजूला घ्या. चालू ठेवूनच उभी करा, पण चढ नको आता.”

“वर गेल्यावर घेतो ना.”

काटा लाल पट्ट्यात शिरला आणि मी त्याच्या खांद्यावर बोटांनी टकटक केलं. त्याने खांदा झटकला. ते झटकणं मला अजून आठवतं. मागे बसलेल्या माणसाने इतकं सगळं पाहावं आणि त्याच्या हातात काहीच नसावं, यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही.

वर पायऱ्यांच्या अलीकडे नारळ-ओटीची दुकानं लागतात, तिथे त्याने गाडी उभी केली आणि चावी फिरवली. जाळीच्या बाजूने वाफेचा बारीक धागा निघत होता. उकळत्या दुधासारखा खदखद आवाज आतून येत होता. चार माणसं लगेच गोळा झाली. इम्पोर्टेड गाडी, वाफ, साडीतली बाई, बघायला भरपूर होतं. त्यांतल्या एकाने विचारलं, “दादा, पाण्यावरची हाय का? पाणी कुठून घालत्यात?”

झालं. हा प्रश्न त्याला फार आवडायचा. गाडी आणल्यापासून तो प्रत्येकाला ती जागा दाखवत आला होता, टाकीखाली उजव्या बाजूचं ते दाबाचं झाकण. तो उकिडवा बसला.

मी म्हणाले, “आत्ता नको. आपण दर्शन घेऊन येऊ. परत येईपर्यंत गार होईल.”

“पाणी कमी झालंय, घालायला नको?”

“घालायचंय, पण गार झाल्यावर. आत दाब आहे.”

तेव्हा त्याने वर बोट दाखवलं. “अगं, गार झालीये. काटा बघ.”

मी पाहिलं. काटा पार ‘सी’वर पडला होता.

चावी बंद केली की त्या काट्याची वीज जाते. वीज गेली की तो खाली पडतो, इंजिन फुटायच्या बेतात असलं तरी पडतो. तो काटा गार झाला नव्हता, आंधळा झाला होता. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर नारळवाल्या बाईने मान डोलावली, “व्हय वं ताई, काटा उतरला की. लय येळ नाय लागत.” चार माणसांनी माना डोलावल्या. बाई सांगतेय एक आणि काटा सांगतोय एक, यात काट्यावर विश्वास ठेवायचा हे त्या सगळ्यांना न बोलता पटलं होतं.

आमच्या घरात रोज दोन वेळा कुकर लागायचा. सासूबाई सातवी शिकलेल्या, पण शिट्टी पडल्यावर वाफ जिरल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी कुकरचं झाकण काढलं नाही. तेच शास्त्र होतं. दाबाखाली पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि दाब सोडला की एका क्षणात सगळं उसळतं. माझ्या नवऱ्याने कधी कुकर उघडला नव्हता. वाढलेल्या ताटापलीकडे स्वयंपाकघरात काय चालतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

त्याने खिशातला रुमाल झाकणावर टाकला आणि पिळला. मी ‘अहो’ म्हणत हात मध्ये घातला, त्याचं मनगट धरायला. झाकण उडालं. पाणी आणि वाफ माझ्या उजव्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत. तो मागे पडला, म्हणून त्याला काही झालं नाही. मी किंचाळले असेन. नारळवाल्या बाईने हंड्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, ओतत राहिली, आणि ‘अगं माय, अगं माय’ म्हणत राहिली. तिथे तेवढं एकच शहाणपणाचं काम झालं.

खाली नांदुरीत एका जीपवाल्याने आम्हाला डॉक्टरकडे सोडलं. डॉक्टर तरुण होता. त्याने पट्टी बांधता बांधता विचारलं, “कसं झालं हे?”

नवरा म्हणाला, “रेडिएटरचं झाकण उघडलं आणि हिचा हात भाजला.”

मला तेव्हा काही खटकलं नाही. वाक्य खरंच होतं. झाकण उघडलं, हात भाजला. पण मराठीत ही एक गंमत आहे. भूतकाळात क्रियापद झाकणाच्या मागे जातं. उघडलं. कोणी उघडलं हे सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं, कुठे अडत नाही, ऐकणाऱ्याला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. आणि जिथे करणारा नाही तिथे ऐकणारा आपल्या मनाने एक बसवून घेतो. हात जिचा भाजला, तिनेच उघडलं असणार. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, गरम असताना कधी उघडायचं नाही हो.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता.

घरी सासूबाईंना त्याने तेच वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुला कशाला नसते उद्योग गं?” तो पाय धुवायला मोरीत गेला. रात्री मी विचारलं, “तुम्ही आईंना सांगितलं का नाही?” तर म्हणाला, “मी खोटं काय बोललो?” आणि खरंच, तो खोटं काहीच बोलला नव्हता. त्याला माझ्या हाताचं वाईट वाटत होतं, हेही मी सांगायला हवं. महिनाभर त्याने माझी वेणी घातली, वाकडीतिकडी. ती वेणी आठवली की मला अजून त्याच्यावर पुरतं रागावता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

आठ दिवसांनी विभागप्रमुख आणि दोन सहकारी मला भेटायला घरी आले, शहाळी घेऊन. मी आत चहा गाळत होते, डाव्या हाताने, म्हणून वेळ लागत होता. बाहेरून आवाज येत होता. तोवर वाक्याला पाय फुटले होते. नवरा म्हणत होता, “मी हिला सांगत होतो, थांब जरा. पण वर्गात इंजिनं शिकवणारी माणसं, ऐकतात होय? हिने उघडलं.” मग हशा. मी ट्रे घेऊन पडद्याशी आले तेव्हा प्रमुखांचं हसू नुकतंच मावळत होतं. त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जरा वेगळ्याच नजरेने. आमच्या लॅबच्या दारावर लाल अक्षरांत पहिलीच सूचना होती, इंजिन गरम असताना पाण्याचं झाकण उघडू नये.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार शब्द होते. पण सोफ्यावर पाहुणे, दारात सासूबाई, आणि नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे ते सगळे गेल्यावर मला त्याच घरात राहायचं होतं. मला वाटलं, तो स्वतःच सांगेल. उद्या सांगेल. फोन करून सांगेल, ‘सर, मी गंमत केली.’ मी चहाचे कप ठेवले आणि विचारलं, “साखर बरोबर आहे ना?”

जूनमध्ये वाटप झालं. लॅब माझ्याहून चार वर्षं नंतर लागलेल्या एका सरांना मिळाली. प्रमुख माझ्याशी सौम्यपणे बोलले, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असते, तुमचा हातही अजून नाजूक आहे. मग म्हणाले, “आणि मॅडम, गरम काय आणि गार काय, हे कळणं लॅबमध्ये फार महत्त्वाचं असतं.” ते टोमणा मारत नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मी ‘हो सर’ म्हटलं आणि ड्रॉइंग हॉलमध्ये जाऊन मुलांच्या शीटवर सह्या करत बसले. त्यानंतर मला कधी इंजिन लॅब मिळाली नाही. पुढे मोजमापांची एक खोली मिळाली, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरची कपाटं असलेली.

गाडी दोन वर्षांत विकली गेली. गोष्ट मात्र राहिली. लग्नांत, बारशांत, कोणाची गाडी तापली की ती निघायची, आणि दरवेळी जरा सुधारून. एकात मी त्याच्या हातातून रुमाल हिसकावला होता. एकात तो आधीच दर्शनाला गेला होता आणि मी मागे एकटीच होते. मुलगी ती ऐकतच मोठी झाली. आठवीत असताना तिला विज्ञानात उष्णतेचा धडा होता, मी शिकवायला बसले तर म्हणाली, “राहू दे आई, मी क्लासमध्ये विचारते.” आणि गालात हसली. तिने ते सहज म्हटलं. मी उठून कणीक मळायला गेले.

दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी आपल्याकडे बनलेल्या पाण्याच्या गाड्या दुकानांत आल्या, आणि माझ्या पुतण्याने एक घेतली. रविवारी जेवायला आला तेव्हा सगळे अंगणात जाऊन बघून आले. आता काट्याच्या जागी चौकोनात आकडे होते. जेवताना नवऱ्याने त्याला सल्ला द्यायला सुरुवात केली.

“एक लक्षात ठेव. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. काकूने लावला होता. मेकॅनिकलची मास्तरीण, आणि म्हणे गार झालीये! दाखव गं हात.”

पुतण्या हसला. मुलगी हसली. तिच्या हातात भाताचा डाव होता, आणि ती हसता हसता मला वाढायला वाकली. तिच्या त्या हसण्याने माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. इतरांचं मी सोसलं होतं.

मी म्हणाले, “झाकण तुम्ही उघडलं होतंत.”

मी पुन्हा म्हणाले, “गार झालीये असं तुम्ही म्हणाला होतात. काटा बघ म्हणालात. मी तुमचा हात धरायला आले म्हणून माझा भाजला. उघडलं तुम्ही.”

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा नजर चुकवेल. इतकी वर्षं मी त्या एका क्षणाची तयारी करत होते, त्याची नजर कशी खाली जाईल त्याची. पण तो घास हातात धरून विचार करत राहिला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. त्याच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही नव्हतंच. सांगता सांगता त्याचा त्या गोष्टीवर विश्वास बसला होता, आणि मी ज्या खोटं बोलणाऱ्या माणसावर बारा वर्षं दात खात होते तो माणूस केव्हाच निघून गेला होता.

“असेल बुवा,” तो शेवटी म्हणाला, अगदी समजूतदारपणे. “मीच उघडलं असेल. इतकी वर्षं झाली. आता त्याने काय फरक पडतो?”

“माझी लॅब गेली,” मी म्हणाले.

“कुठली लॅब?” तो म्हणाला.